हापूसची वेबसाइट गर्दीत हरवते: दर हंगामात येणारी तक्रार आणि तिचा इलाज

फेब्रुवारी सरत आला की बागायतदारांचे फोन सुरू होतात आणि गाऱ्हाणं एकच असतं. वेबसाइट आहे, गेल्या वर्षी पैसे घालून नवी करून घेतली, तरी ऑर्डर येतात त्या जुन्या ओळखीतल्याच. नवं गिऱ्हाईक साइटवर येतं, व्हॉट्सअ‍ॅपवर 'रेट?' एवढंच विचारतं आणि गायब होतं. मग कुणीतरी सुचवतं, थीम बदला, वर व्हिडिओ टाका, अक्षरं सोनेरी करा. ते होतं. पुढच्या फेब्रुवारीत पुन्हा तोच फोन.

कोकणातल्या छोट्या धंद्यांच्या साइट बांधणं आणि दुरुस्त करणं हे माझं काम, आणि त्यात आंबेवाले सगळ्यात जास्त. म्हणून खालचं सगळं हापूस डोळ्यांपुढे ठेवून लिहिलंय. काजूवाल्यांना, कोकम सरबतवाल्यांना, होमस्टेवाल्यांना त्यातलं बरंच उचलता येईल.

आधी बिघाड कुठे आहे ते बघा

'साइट उठून दिसत नाही' या एका वाक्यामागे चार वेगळे बिघाड असू शकतात. गुगलवर ती दिसतच नाही. दिसते, पण कुणी उघडत नाही. उघडतात, पण लगेच मागे फिरतात. किंवा वाचतात, विचारतात आणि घेत मात्र दुसऱ्याकडून. यातलं आपलं कुठलं, हे न बघता थीम बदलणं म्हणजे पैसे समुद्रात टाकणं.

आपली साइट गुगलवर किती दिसते ते सांगणारं गुगल सर्च कन्सोल फुकट आहे. साइट बनवणाऱ्याने ते जोडलं नसेल तर आजच जोडून घ्या, आणि जोडलं असेल तर त्याचा प्रवेश स्वतःच्या ईमेलवर मागून घ्या. त्यात १६ महिन्यांची माहिती राहते, म्हणजे गेल्या वर्षीचा आख्खा हंगाम बघायला मिळतो. मार्च ते मे एवढा काळ निवडा आणि दोन आकडे बघा: इम्प्रेशन्स, म्हणजे तुमचं नाव यादीत किती वेळा आलं, आणि क्लिक्स, म्हणजे किती जणांनी ते उघडलं. इम्प्रेशन्सच नगण्य असतील तर पहिला बिघाड. ते भरपूर आणि क्लिक्स नावापुरते असतील तर दुसरा. क्लिक्स ठीकठाक असूनही फोन वाजत नसेल, तर दोष साइटच्या आत आहे.

लोकांनी काय शोधलं त्याची यादीही तिथेच मिळते. ती वरपासून खालपर्यंत तुमच्या आडनावाची आणि बागेच्या नावाची असेल, तर साइट ओळखीच्यांनाच सापडतेय. त्यांना तुमचा नंबर तसाही पाठ आहे.

नाव झाकून वाचा

मी साइट तपासायला घेतो तेव्हा सगळ्यात आधी हेच करतो. पहिल्या पानावरचं एखादं लांबसं वाक्य उचलायचं आणि अवतरणचिन्हांत घालून गुगलवर टाकायचं. 'कोकणच्या लाल मातीतील अस्सल, नैसर्गिकरीत्या पिकवलेला, कार्बाइडमुक्त देवगड हापूस थेट बागेतून आपल्या दारात' या घराण्यातलं वाक्य जसंच्या तसं दुसऱ्यांच्या साइटवर निघालं, तर मजकूर उचललेला आहे. बहुतेक वेळा साइट बनवणाऱ्याने एकच मजकूर दोघा-तिघांना विकलेला असतो. गुगल यासाठी सहसा शिक्षा करत नाही, पण एकसारख्या पानांतलं एखादंच वर दाखवतं आणि बाकीची मागे टाकतं. ते एक पान आपलं असेल याची खात्री नाही.

दुसरी चाचणी कागदावर. पहिलं पान छापून घ्या, आपलं नाव पट्टीने झाका आणि त्या जागी शेजारच्या बागायतदाराचं नाव आहे असं धरून वाचा. जी वाक्यं त्याच्याबाबतीतही तितकीच खरी ठरतात, त्यांवर काट मारा. 'गुणवत्ता हीच आमची ओळख' जाईल. 'ग्राहकांचं समाधान' जाईल. 'तीन पिढ्यांची परंपरा'सुद्धा जाईल, कारण शेजाऱ्याच्याही तीन पिढ्या आंब्यातच गेल्यात. बऱ्याच साइटवर शेवटी पत्ता आणि फोन नंबर तेवढा उरतो. तसं झालं तर बिघाड सापडला म्हणायचं.

'कार्बाइडमुक्त' या शब्दाची तर मला चीड आहे. कॅल्शियम कार्बाइडने फळ पिकवायला कायद्यानेच बंदी आहे, त्यामुळे ते वापरत नाही असं मिरवणं म्हणजे कायदा मोडत नाही एवढंच सांगणं. गिऱ्हाइकाला खरं हवं असतं ते पुढचं: मग पिकवता कसे? पेंढ्याच्या आढीत घालता, कच्चेच पाठवता, की रायपनिंग चेंबरमध्ये इथिलीन देता? इथिलीनला अन्नसुरक्षा नियमांत १०० पीपीएमपर्यंत परवानगी आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही. जे करता ते सरळ लिहिलंत, तर तेवढ्यावरसुद्धा वेगळे दिसाल, कारण बाकी कुणी लिहीत नाही.

काट मारलेल्या जागी काय लिहायचं

आपल्या बागेत रोज घडतं ते, एवढंच. बागायतदाराला वाटतं यात सांगण्यासारखं काय आहे, हे तर सगळ्यांनाच ठाऊक असतं. गावात असतं. बाणेर किंवा बोरिवलीत सातव्या मजल्यावर बसून पेटी मागवणाऱ्याला नसतं.

एका साइटवरचा मूळ परिच्छेद जवळपास असा होता: 'आम्ही आपल्यासाठी घेऊन आलो आहोत निसर्गरम्य कोकणातील सर्वोत्तम प्रतीचा हापूस. प्रत्येक फळ काळजीपूर्वक निवडलेले. चव अशी की विसरणार नाही.' मालकाला समोर बसवलं आणि तोडणी कशी करता ते तोंडी सांगायला लावलं. तो बोलला तसं मी लिहीत गेलो. निघालं ते असं:

'आमची कलमं कातळावर आहेत. आजोबांनी सुरुंग लावून खड्डे पाडले आणि बाहेरून माती आणून भरली. फळ चौदा आणे तयार झालं की झेल्याने देठासकट उतरवतो. तोडणी सकाळी, उन्हं तापायच्या आत. ज्या दिवशी तोडणी, त्याच दिवशी पेटी भरतो आणि फळ कच्चंच पाठवतो. तुमच्याकडे पेंढ्यात ठेवल्यावर आठवडा-दहा दिवसांत पिकत जाईल, सगळं एकदम पिकणार नाही. साल किंचित सुरकुतली आणि देठाकडून वास सुटला की खायला घ्या. कच्चं फळ फ्रीजमध्ये ठेवू नका.'

यात एकही कौतुकाचं विशेषण नाही. 'चौदा आणे तयार' (सोळा आण्यांपैकी चौदा, म्हणजे जवळपास पूर्ण तयार) कळणार नाही म्हणून मालकाच्या शहरी मुलाने ते काढायचा आग्रह धरला होता. मी ठेवायला लावलं. अर्थ पुढच्या वाक्यांवरून लागतोच, आणि हा माणूस खरोखर बागेत वाढलाय हे त्या दोन शब्दांतून कळतं. हाच परिच्छेद उचलून दुसऱ्याने लावला तर तो त्याच्यावर बसणार नाही, कारण त्याची बाग कातळावर नसेल किंवा तो पिकवून पाठवत असेल.

लिहायला बसून जमत नसेल तर फोनवर रेकॉर्ड करा. पुण्याच्या आत्याला आंबे कसे ठेवायचे ते सांगता त्याच सुरात बोला आणि नंतर उतरवून काढा. एआयकडून मजकूर लिहून घेणार असाल तर हरकत नाही, पण त्याला आधी हे रेकॉर्डिंग द्या. नुसतं 'हापूसच्या साइटसाठी आकर्षक मजकूर लिही' म्हटलंत तर लाल माती आणि निसर्गरम्य कोकण हमखास परत येणार.

साक्याबद्दल बोला

हापूसच्या साइट सगळ्यात जास्त गप्प असतात त्या साक्याबाबत. बाहेरून फळ देखणं, कापलं की आतला गर पांढरट, स्पंजासारखा आणि आंबट. बाहेरून तो ओळखता येत नाही, आणि हापूस घेणाऱ्या प्रत्येकाला तो कधी ना कधी भेटलेला असतो. म्हणजे गिऱ्हाइकाच्या मनात प्रश्न आहेच. फक्त विक्रेता तो विषय काढत नाही.

साक्यासाठी एक वेगळं पान करा. साका म्हणजे काय, तो दिसायला कसा असतो, कापलेल्या फळाचा स्वतः काढलेला फोटो, आणि निघाला तर तुम्ही काय करणार. फोटो पाठवा, तेवढी फळं पुढच्या पेटीत देतो किंवा तेवढे पैसे वळते करतो, जे झेपेल ते. मुदतही लिहा. यात आणखी एक गोष्ट जाता जाता सांगून टाका: मोठ्या फळात साक्याचं प्रमाण जास्त असतं. गिऱ्हाईक मोठंच फळ मागतं, महाग घेतं आणि साका निघाला की चिडतं. 'घरी खायला मधलं फळ घ्या, भेट द्यायची असेल तर मोठं घ्या' असा सल्ला साइटवर वाचला की माणूस थबकतो, कारण महागाचं घेऊ नका म्हणणारा विक्रेता त्याला सहसा भेटत नाही.

असं लिहिलं की लोक घाबरून पळतील, ही भीती प्रत्येक मालक बोलून दाखवतो. मला ती पटत नाही. आंब्याचे आगाऊ पैसे घेऊन गायब होणाऱ्या खोट्या साइट दर हंगामात निघतात, त्यामुळे अनोळखी साइटवर पैसे भरताना गिऱ्हाईक आधीच धास्तावलेलं असतं. फसवणारा माणूस साक्यावर पान लिहायच्या भानगडीत पडत नाही.

दर

'दरासाठी संपर्क करा' हे वाक्य जिथे आहे तिथे 'रेट?' विचारून गायब होणारी माणसं येणारच, त्यांना दुसरा रस्ताच ठेवलेला नाही. दर रोज बदलतो हे खरं. वाशीच्या घाऊक बाजारातली आवक वाढली की उतरतो, पाडवा आणि अक्षय्य तृतीयेच्या तोंडावर चढतो. म्हणून आठवड्याचा दर लावा आणि त्यापुढे तारीख घाला. गेल्या आठवड्यातली तारीख दिसली की साइट चालू आहे, मालक जागा आहे, हेही आपोआप कळतं. मागच्या हंगामाचा दर तसाच राहिला तर मात्र न लावलेला बरा.

दर डझनाचा लिहिताना फळाचं वजन ग्रॅममध्ये लिहा. 'मोठा', 'मध्यम', 'ए वन', 'स्पेशल' यांचा अर्थ प्रत्येकाच्या साइटवर वेगळा असतो आणि गिऱ्हाईक दोन साइट शेजारीशेजारी उघडून नुसता आकडा ताडून बघतं. तुमचा डझन अडीचशे ग्रॅमच्या फळांचा आणि दुसऱ्याचा पावणेदोनशेच्या, हे लिहिलंच नसेल तर महाग तुम्हीच दिसणार. वजन कच्च्या फळाचं आहे आणि पिकल्यावर थोडं घटतं, हेही तिथेच सांगा. नंतरची भांडणं वाचतात.

कुठे पाठवता आणि कुठे नाही, तेही स्पष्ट लिहा. नागपूरला पाठवत नसाल तर नागपूरच्या माणसाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाच मिनिटं घालवून ते कळू नये.

देवगड नसेल तर देवगड लिहू नका

राजापूर, गुहागर, दापोली किंवा अलिबागची बाग आणि साइटवर मोठ्या अक्षरांत 'देवगड हापूस', हा प्रकार सर्रास चालतो. कारण शोधणारे देवगड टाइप करतात. पण त्या एका शब्दावर इतकी गर्दी आहे की नव्या साइटला तिथे जागा मिळणं कठीण, आणि खोटं ते खोटंच.

त्याची गरजही नाही. हापूसला ऑक्टोबर २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी. दापोलीचा हापूस कायद्याने हापूसच आहे. आपल्या तालुक्याचं, गावाचं नाव शीर्षकात घाला. शोधणारे कमी असतील, पण त्या शोधात वर याल, आणि गावचे म्हणून मुंबई-पुण्यात राहणारे चाकरमानी आपल्या तालुक्याचा आंबा शोधतात हे सर्च कन्सोलच्या यादीत दिसून येतं.

मानांकनाचं चिन्ह लावायचं तर आधी अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःची नोंदणी असायला हवी. जिल्हा यादीत आहे एवढ्यावर चिन्ह लावता येत नाही. नोंदणी असेल तर नुसतं गोल चिन्ह कोपऱ्यात चिकटवून थांबू नका, नोंदणी क्रमांक मजकुरात लिहा आणि प्रमाणपत्राचा वाचता येईल असा फोटो द्या. आमरसाचे डबे विकत असाल तर त्यांच्याजवळ अन्न परवान्याचा १४ अंकी क्रमांकही.

फोटो

पानासकट, पाण्याचे थेंब उडालेला, एका गालावर लालबुंद झालेला आंबा. इंटरनेटवरून घेतलेला असा फोटो मी अनेक हापूसवाल्यांच्या साइटवर पाहिलाय. असे लाल आंबे बहुतेक फ्लोरिडाकडच्या टॉमी अ‍ॅटकिन्ससारख्या जातींचे असतात. पिकलेला हापूस केशरी-पिवळा, आणि ज्याला हापूस कळतो तो गिऱ्हाईक तो फोटो बघूनच साइट बंद करतो.

कॅमेरावाला बोलवायची गरज नाही. फोन पुरतो, सावलीतला उजेड चांगला. वजनकाट्यावर ठेवलेलं फळ, काट्यावरचा आकडा दिसेल असं. उघडी पेटी, वरचा थर आणि खालचाही. एकच फळ कच्चं असताना आणि पिकल्यावर. सुरकुतलेली साल, 'हे खराब नाही' असं खाली लिहून. या चार फोटोंनी निम्मे फोन कमी होतील.

फोनमधला फोटो मात्र थेट चढवू नका. एकेक चार-पाच एमबीचा असतो आणि पहिल्या पानावर असे पाच सरकते फोटो असले की मोबाइलवर पान उघडता उघडत नाही. रुंदी दीड हजार पिक्सेलच्या आसपास आणा, वेबपी प्रकारात जतन करा, दोनशे केबीच्या आत बसवा. मग पान किती वेगाने उघडतं ते मोजणाऱ्या गुगलच्या पेजस्पीड इनसाइट्सवर साइटचा पत्ता टाकून मोबाइलचा निकाल बघा. पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसला तर गुगल त्याला चांगला म्हणतं. ते सरकते फोटो काढून टाकले तरी काही बिघडत नाही, दुसरा फोटो येईपर्यंत कुणी थांबत नाही.

दिसतच नसेल तर

हे काम कंटाळवाणं, पण लवकर उरकणारं. ब्राउझरच्या टॅबवर तुमच्या साइटचं शीर्षक काय येतं बघा. 'होम' किंवा 'मुख्यपृष्ठ' असेल तर गुगलच्या यादीतही तेच जाण्याची शक्यता. तिथे तालुका, हापूस आणि बागेचं नाव हवं.

मराठी मजकूर चित्रात असेल, म्हणजे डीटीपीवाल्याने श्रीलिपीत टाइप करून त्याचा फोटो लावला असेल, तर तो मजकूर म्हणून धरला जाईल याचा भरवसा नाही. बोट दाबून अक्षरं निवडता येतात का ते बघा. येत नसतील तर युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करा. मराठी आणि इंग्रजीची पानं वेगळी ठेवा, बंगळुरूचं गिऱ्हाईक इंग्रजीत शोधतं आणि सदाशिव पेठेतलं मराठीत.

गुगल बिझनेस प्रोफाइलवर, म्हणजे गुगलच्या शोधात आणि नकाशावर दिसणाऱ्या धंद्याच्या नोंदीवर, धंद्याचं पाटीवर आहे तेच नाव घाला. नावातच 'अस्सल देवगड हापूस होलसेल बेस्ट प्राइस' कोंबणं नियमात बसत नाही, प्रोफाइल बंद पडू शकतं आणि ते नेमकं एप्रिलमध्ये पडलं तर हंगाम जातो. अभिप्रायाच्या बदल्यात सूट देणंही चालत नाही. पेटी पोचल्यावर दहा दिवसांनी, म्हणजे आंबा खाऊन झाल्यावर, अभिप्राय लिहायच्या दुव्यासकट एक साधा निरोप पाठवा.

आणि जूनमध्ये पाऊस पडला म्हणून ऑर्डरचं पान काढून टाकू नका. दर वर्षी नवा पत्ता करून नवं पान बांधणारे बरेच आहेत, जुन्या पत्त्याने कमावलेलं सगळं त्यात जातं. पत्ता एकच ठेवा, आतला मजकूर बदला. पावसाळ्यात 'हंगाम संपला, पुढच्या वर्षीसाठी नाव नोंदवा', हिवाळ्यात मोहोराचा फोटो आणि यंदा फळ कधी धरेल त्याचा अंदाज. नोव्हेंबर-डिसेंबरात वाशीला मलावीचा हापूस येतो, त्याच्या बातम्या होतात आणि तेव्हा लोक हापूस शोधू लागतात. त्यांना 'आपला अजून मोहोरातच आहे' हे सांगणारं पान तुमचं असू द्या.

एवढं सगळं केल्यावर महिन्याभरात कुणीतरी तुमचा मजकूर आणि फोटो उचलणारच. म्हणून मूळ फोटो तारखेसकट फोनमध्ये नव्हे, वेगळ्या ठिकाणी जपून ठेवा. उचलणारा ओळखीतला असेल तर आधी फोन करा, बहुतेक वेळा हा साइटवाल्याचा उद्योग असतो आणि मालकाला पत्ताही नसतो. ऐकलं नाही तर गुगलच्या कॉपीराइट तक्रारीच्या फॉर्मवर दोन्ही पानांचे पत्ते देऊन तक्रार नोंदवता येते.